“आज पण आला नाही?” : कामगाराचं जुनं दुखणं आणि छोट्या दुकानाचा रजेचा नियम



१९ जूनला जागतिक सिकलसेल दिन झाला. त्या निमित्ताने या आठवड्याच्या व्हिडिओत आपण थोडक्यात बोललो की, दुकानात काम करणाऱ्या माणसाला कायमचं दुखणं असेल तर मालकाने काय करायचं. व्हिडिओला वेळेची मर्यादा असते. कायदा, हिशेब आणि नमुना नियम असं सगळं सविस्तर एका जागी हवं, म्हणून हा जून २०२४ चा लेख. थोडा मोठा आहे, पण ज्याच्याकडे एक जरी माणूस कामाला आहे त्याने शेवटपर्यंत वाचावा.

आपल्या भागातली तक्रार साधारण अशी असते. मुलगा कामाला चांगला आहे, हिशेबाला सरळ आहे, गिऱ्हाइकाशी गोड बोलतो. पण महिन्या-दोन महिन्यातून तीन-चार दिवस गायब. फोन उचलत नाही. परत आला की म्हणतो, “शेठ, अंग दुखत होतं.” दिसायला तर काहीच नाही. ताप नाही, प्लास्टर नाही, पट्टी नाही. मग मालकाच्या तोंडून शब्द येतो, “कामचुकार.” तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याला काढून टाकतात. तो पुढच्या दुकानात जातो आणि तिथेही तेच होतं.

यातले काही जण खरंच कामचुकार असतील, नाही म्हणत नाही. पण जव्हार-मोखाड्यात दुकान चालवणाऱ्याला एक गोष्ट माहीत असायलाच हवी. ती म्हणजे सिकलसेल.

हे दुखणं नक्की काय असतं?

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असतात, त्यामुळे बारीक नसांतूनही सहज जातात. या आजारात त्या विळ्याच्या आकाराच्या आणि कडक होतात, आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोचत नाही आणि तिथे कळा सुरू होतात. हात, पाय, पाठ, छाती, सांधे, कुठेही. साधी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, विळ्याच्या आकाराची १० ते २० दिवसच टिकते. म्हणून अंगात रक्त कमी, लवकर दम लागणं, डोळे पिवळे दिसणं हेही सोबत असतं.

दोन प्रकार लक्षात ठेवा. आई किंवा वडील, एकाकडूनच हा गुण आला तर माणूस ‘वाहक’ असतो, कागदावर ‘एएस’ लिहिलेलं असतं. तो सहसा ठणठणीत असतो. दोघांकडून आला तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. हा आजार संसर्गाने होत नाही. एका ताटात जेवल्याने, एका ग्लासातून पाणी प्यायल्याने लागत नाही. कोणाच्या करणीने तर नाहीच नाही.

महाराष्ट्रात हा आजार मुख्यतः आदिवासी पट्ट्यांत दिसतो. गडचिरोली, नंदुरबार यांच्याइतकाच आपला पालघर जिल्हाही त्यात येतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केलं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असं त्याचं उद्दिष्ट आहे. पहिली चाचणी बोटाच्या रक्ताच्या थेंबावर होते. त्यात शंका आली तर पुढची पक्की चाचणी करतात.

आता मालकाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. झटका कधी येतो? अंगातलं पाणी कमी झालं की, थंडी लागली की, पावसात भिजलं की, अति मेहनत झाली की, ताप-संसर्ग झाला की. आता आपल्या दुकानातलं काम डोळ्यासमोर आणा. एप्रिल-मेच्या उन्हात टेम्पोतून माल उतरवणं, जुलैमध्ये भिजत गोणी आत घेणं, डिसेंबरात पहाटे शटर उघडणं. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, इथली सकाळची थंडी काय असते ते मी वेगळं सांगायला नको. म्हणजे झटका आणणारी जवळपास सगळी कारणं आपल्या दुकानातच हजर आहेत.

सिकलसेल हे एक उदाहरण झालं. मणक्याची गादी सरकलेली असते, संधिवात असतो, अर्धशिशी असते, बाईमाणसाला पाळीच्या दिवसांतलं असह्य दुखणं असतं. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. दुखणं कायमचं असतं, पण रोजचं नसतं. माणूस २२-२३ दिवस बरा असतो आणि बाकीचे दिवस आडवा.

रजेचा कायदा काय सांगतो?

इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. “आजारी माणसाला कामावरून काढता येत नाही” असं कोणी म्हणतं, तर “प्रायव्हेटमध्ये कसली रजा” असं दुसरं कोणी. दोन्ही अर्धवट आहे. तुम्ही कुठे काम करता त्यावर सगळं अवलंबून आहे. एक एक बघू.

१. सरकारी आणि जिल्हा परिषदेची नोकरी. इथे रजा सगळ्यात भक्कम आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्र दिलं तर ती परिवर्तित रजा म्हणून पूर्ण पगारी घेता येते, फक्त खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. अर्जित रजा वेगळी. म्हणून शिक्षकाला किंवा तलाठ्याला दुखणं निघालं तर घर चालू राहतं.

२. कारखान्यातली नोकरी, जिथे ईएसआय कापला जातो. आपल्याकडची कितीतरी मुलं बोईसर-तारापूर, वसई, भिवंडी, नाशिकला कंपनीत जातात. पगाराच्या चिठ्ठीत ईएसआय म्हणून ०.७५ टक्के कापलेले असतात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना हा विमा लागू होतो. बऱ्याच मुलांना वाटतं, हे पैसे बुडाले. बुडालेले नाहीत. २०२४ मध्ये लागू असलेल्या कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ मधल्या या गोष्टी पाठ करून ठेवा:

- सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात रोजच्या सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस.
- पहिले २ दिवस सहसा पैसे मिळत नाहीत. पण आधीच्या आजारपणानंतर १५ दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलं तर ही अट लागत नाही. वारंवार झटका येणाऱ्यासाठी हा मुद्दा फार कामाचा आहे.
- ३४ गंभीर आजारांच्या यादीत आजार बसत असेल तर ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. मणक्याची गादी सरकणं या यादीत आहे.
- कलम ७३ : माणूस आजारपणाचा लाभ घेत असताना मालक त्याला काढू शकत नव्हता, शिक्षाही करू शकत नव्हता. त्या काळात दिलेली काढून टाकण्याची नोटीस कायद्याने चालत नव्हती.

खऱ्या अर्थाने ‘संरक्षित’ रजा म्हणतात ती ही. पण एक मोठी अडचण आहे. प्रमाणपत्र विमा दवाखान्याच्या डॉक्टरचं लागतं. मुलगा दुखायला लागलं की सरळ एसटी पकडून गावी येतो, आईजवळ पडून राहतो, आणि आठ दिवसांनी परत जातो तेव्हा हातात कागद नसतो. ठेकेदार म्हणतो, तुझी जागा भरली. त्यामुळे घरातलं कोणी बाहेर कंपनीत असेल तर त्याला एवढंच सांगा : गावी येण्याआधी विमा दवाखान्यात जा, कागद घे, फोटो काढून सुपरवायझरला पाठव, मग गाडीत बस.

३. दुकान, हॉटेल, ऑफिस, जिथे १० किंवा जास्त कामगार आहेत. २०२४ मध्ये इथे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तीचे विनियमन) अधिनियम, २०१७ लागू होत होता. वर्षाला ८ दिवस पगारी नैमित्तिक रजा. वर्षात २४० दिवस काम केलं असेल तर दर २० दिवसांमागे १ दिवस पगारी रजा, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आजारपणाची अशी वेगळी रजा मात्र यात नाही. जे आहे त्यातूनच भागवायचं.

४. दहापेक्षा कमी माणसं. म्हणजे आपण! जव्हारच्या बाजारपेठेत, मोखाड्याला, खोडाळ्याला, किती दुकानांत दहा माणसं कामाला असतात? बोटावर मोजण्याइतकी. बाकी सगळी एक, दोन, फार तर चार माणसांवर चालतात. २०१७ चा कायदा अशा दुकानदाराकडून फक्त व्यवसायाची सूचना मागतो. रजेची कलमं त्याला लागूच होत नाहीत. म्हणजे ज्या भागात रजेची गरज सगळ्यात जास्त, तिथेच कायद्याने मिळणारी रजा जवळपास शून्य.

५. उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेला मजूर. दिवाळीनंतर आपले पाडे रिकामे होतात ते यामुळेच. इथे रजा हा शब्दच नाही. काम बंद तर खाडा, आणि उचल तशीच अंगावर. आजारपणाचे दिवस कर्जात जमा होतात. हा विषय वेगळ्या लेखाचा आहे, पण या यादीत तो नसता तर चित्र अर्धवट राहिलं असतं.

केंद्राच्या नव्या चार कामगार संहिता संसदेत मंजूर झाल्या होत्या, पण २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्हत्या; त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्या आल्याने कलमांचे नंबर आणि काही तपशील बदलले आहेत. त्यामुळे कुठलाही कागद करण्याआधी त्या वेळचा नियम बघून घ्या.

अपंगत्वाचा कायदा : दुकानदारांना माहीत नसलेली बाजू

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तीन रक्ताचे आजारही आहेत. म्हणजे सिकलसेलचा रुग्ण कायद्याने दिव्यांग ठरू शकतो. ४० टक्के किंवा जास्तचं प्रमाणपत्र असेल तर अनेक योजनांचा रस्ता उघडतो. एसटीच्या प्रवास सवलतीच्या यादीतही सिकलसेल रुग्ण आहेत. वाहकाला मात्र हे लागू नाही, फक्त रुग्णाला.

या कायद्यात दोन कामाच्या कल्पना आहेत. पहिली, भेदभाव नको. दुसरी, ‘वाजवी सोय’. म्हणजे मालकावर झेपणार नाही इतका बोजा न टाकता, त्या माणसाला काम करता येईल असा छोटा बदल करून देणं. सरकारी खात्यात तर नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कोणाला काढता येत नाही. कायदा मोडला तर पहिल्या वेळेला १० हजारांपर्यंत दंड आहे, पुढे तो ५० हजार ते ५ लाख होतो.

यात एक उणीवही आहे. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के दिव्यांग आरक्षणात रक्ताच्या आजारांचा गट नाही. त्यामुळे “सर्टिफिकेट काढलं की सरकारी नोकरी पक्की” असं कोणी सांगत असेल आणि त्याचे पैसे मागत असेल, तर सावध.

आणि एक उलटी बाजूही सांगते. २०२४ मध्ये लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये कामगार कपातीची व्याख्या होती. सततच्या आजारपणामुळे नोकरी संपवली तर ती या व्याख्येतून वगळलेली होती. म्हणजे कपातीची भरपाई अशा माणसाला त्या कलमाखाली मागता येत नव्हती. आजारी कामगाराची बाजू किती कच्ची असते ते यावरून समजतं.

तुकड्या-तुकड्यांची रजा

अमेरिकेत १९९३ चा फॅमिली अँड मेडिकल लीव्ह ॲक्ट आहे. ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीत, वर्षभर नोकरी आणि १,२५० तास काम झालेलं असेल तर वर्षात १२ आठवड्यांची रजा मिळते आणि नोकरी शाबूत राहते. रजा बिनपगारी असते, आणि छोट्या दुकानातल्या माणसाला तिथेही ती मिळत नाही. पण त्यात एक चांगली गोष्ट आहे. डॉक्टरांनी गरज लिहून दिली तर ही रजा सलग न घेता तुकड्यांत घेता येते. आज दोन दिवस, पुढच्या महिन्यात एक, कधी अर्धाच दिवस.

जुनाट दुखण्याला हीच रजा उपयोगी. आपल्याकडे रजेचा विचार सलग केला जातो. लग्न आहे, पाच दिवस. ऑपरेशन आहे, महिना. पण दुखणं असं कॅलेंडर बघून येत नाही. म्हणून नियम करताना ‘तुकड्यांत’ हा शब्द आपण उचलूया. त्यासाठी परवाना लागत नाही की पैसे.

आता हिशेब करू

भावनेवर दुकान चालत नाही हे मी क्लासमध्ये नेहमी सांगते. म्हणून आकडे मांडू. हे उदाहरण आहे, तुमचे आकडे टाकून बघा.

समजा पगार १३,००० रुपये, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे दिवसाला ५०० रुपये. नियम असा ठेवला : वर्षाला ८ दिवस पूर्ण पगारी, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणखी १२ दिवस अर्ध्या पगारी. या २० दिवसांपैकी बाजाराचे, गर्दीचे १० दिवस बदली माणूस ५०० रुपये रोजावर आणावा लागला असं धरू.

- पूर्ण पगारी ८ दिवस : ४,००० रुपये
- अर्ध्या पगारी १२ दिवस : ३,००० रुपये
- बदली माणूस १० दिवस : ५,००० रुपये
- एकूण : वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,०००

हे सगळ्यात जास्त. माणसाने पूर्ण रजा वापरली तरच इतका खर्च.

आता दुसरी बाजू. त्याला काढलं आणि नवीन आणला. नवीन माणूस पहिल्या महिन्यात अर्धं काम करतो, दुसऱ्या महिन्यात पाऊण, असं धरलं तर ६,५०० अधिक ३,२५०, म्हणजे ९,७५० रुपये शिकण्यात गेले.

म्हणजे नुसत्या आकड्यावर बघितलं तर माणूस बदलणं सव्वादोन हजारांनी स्वस्त दिसतं. मी ते लपवत नाही. पण तीन गोष्टी या आकड्यात धरलेल्या नाहीत.

एक, उधारी. कोणत्या पाड्यावरचा कोण, कोणाचा मुलगा, कधी भात विकून पैसे देणार, हे जुन्या माणसाच्या डोक्यात असतं. वहीत नुसतं नाव असतं. दोन, भाषा. वारली, कोकणा बोलणारा आपला माणूस काउंटरवर असला की लांबून आलेलं गिऱ्हाईक त्याच्याकडेच जातं. तीन, नवीन माणूस आजारी पडणार नाही याची हमी कोणीच देत नाही. ज्या भागात हा आजार आहे, तिथे “पूर्ण निरोगी माणूसच ठेवीन” म्हणणारा दुकानदार दरवर्षी नवीन माणूस शिकवत बसतो.

आणि सगळ्यात मोठं नुकसान रजेने होत नाही, न सांगता मारलेल्या दांडीने होतं. सकाळी नऊला कळलं की आज कोणी नाही, तर अर्धा दिवस गेलाच. आदल्या रात्री कळलं तर सोय होते. माणूस सांगत का नाही? कारण सांगितलं तर नोकरी जाईल ही भीती. नियम लिहून दिला की ही भीती कमी होते आणि तो फोन करतो. रजेवरचा खर्च म्हणजे खरं तर त्या एका फोनची किंमत आहे.

दुकानाचा नियम : एका पानात

कायदा लागू नाही म्हणून नियम नको असं थोडंच आहे? साध्या वहीच्या पानावर लिहा, दोघांनी सही करा, एक प्रत त्याला द्या. मजकूर असा ठेवता येईल :

- वर्षाला ८ दिवस पगारी रजा. सलग किंवा तुकड्यांत, अर्धा दिवसही चालेल.
- कायमचा आजार असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणखी १२ दिवस अर्ध्या पगारी.
- त्यानंतरही गरज पडली तर ३० दिवसांपर्यंत बिनपगारी, पण जागा राखून ठेवली जाईल.
- दुखायला लागलं की दुकान उघडण्याआधी फोन किंवा मेसेज. स्वतःला जमत नसेल तर घरच्यांनी करावा.
- प्रत्येक झटक्याला नवीन चिठ्ठी मागणार नाही. आजाराचा कागद वर्षातून एकदा दाखवला की पुरे. तीन दिवसांपेक्षा जास्त सुट्टी झाली तरच पुन्हा चिठ्ठी.
- आजाराची माहिती मालकापुरतीच राहील.

पाचवा मुद्दा नीट वाचा. कळा येत असलेल्या माणसाने फक्त कागदासाठी जीपमध्ये धक्के खात यायचं, हे बरोबर नाही. आणि सहावा मुद्दा तर दगडावर कोरून ठेवा. दुकानात कोणी बोललं की गावात होतं. उद्या त्याच्या बहिणीच्या लग्नात प्रश्न उभा राहतो. तसंच, कामावर घेण्याआधी सिकलसेलची टेस्ट मागू नका. तपासणी हा त्याचा आणि डॉक्टरचा विषय आहे. त्याने स्वतःहून सांगितलं तर धन्यवाद म्हणा आणि नियम दाखवा.

८, १२, ३० हे आकडे तुमच्या धंद्याप्रमाणे कमी-जास्त करा. ५ दिवस झेपत असतील तर ५ लिहा. पण लिहाल ते पाळा.

फुकटात होणाऱ्या सोयी

- काउंटरजवळ पाण्याची बाटली भरलेली, आणि पाणी प्यायला, लघवीला जायला टोकायचं नाही. भरपूर पाणी हा या आजारातला रोजचा उपाय आहे.
- बसायला स्टूल. “गिऱ्हाईक असताना बसायचं नाही” हा नियम कोणाच्या कामाचा नाही.
- ५० किलोची गोणी त्याने उचलायची नाही. त्या बदल्यात स्टॉक मोजणं, बिल करणं, ऑर्डर पाठवणं त्याच्याकडे.
- पावसात डिलिव्हरी नाही, थंडीत पहाटेचं शटर दुसऱ्याने उघडायचं.
- महिन्याच्या गोळ्या आणि रक्ततपासणीसाठी ठरलेला अर्धा दिवस. हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी डॉक्टरांनी सुरू केली असेल तर ती नेमाने घ्यावी लागते आणि अधूनमधून रक्त तपासावं लागतं. हा अर्धा दिवस वाचवायला गेलात तर पुढे चार दिवस जातात.

आणि हे मात्र लगेच दवाखान्यात न्यायचं : झटक्यासोबत ताप, छातीत दुखून दम लागणं, अंगाची एक बाजू लुळी पडणं, बोलण्यात अडखळणं, किंवा अचानक फार पांढरं पडणं. इथे “संध्याकाळपर्यंत बघू” चालत नाही. जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. १०८ नंबर दुकानात लिहून लावा.

आणि मालकाची रजा?

आतापर्यंत आपण मालकाच्या खुर्चीत बसून बोललो. पण दुखणं मालकालाही होतं. पाठ धरते, गुडघे जातात, सिकलसेल तर दुकानदाराच्या घरातही असू शकतो. आपल्याला ईएसआय नाही, अर्धवेतनी रजा नाही, कलम ७३ नाही. शटर खाली म्हणजे गल्ला बंद, पण भाडं, हप्ता, वीजबिल चालू.

म्हणून चार तयारी आजच करा. दुकान उघडू शकेल असा एक दुसरा माणूस तयार ठेवा आणि किल्ली त्याला माहीत असू द्या. उधारी डोक्यात नाही, वहीत किंवा मोबाईलमध्ये ठेवा. होलसेलवाल्यांचे नंबर आणि बाकी एका पानावर लिहून घरात ठेवा. आणि एक महिन्याचं भाडं आणि हप्ता होईल इतकी रक्कम वेगळ्या खात्यात, हात न लावता.

बघा, गंमत अशी आहे की यातलं पहिलंच काम, तयार माणूस, हे वरच्या नियमातूनच होतं. ज्याची जागा तुम्ही त्याच्या वाईट दिवसांत राखून ठेवली, तोच तुमच्या वाईट दिवसांत शटर उघडतो. ही हमी नाही, पण आपल्या बाजारात मी हे होताना बघितलेलं आहे.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. एक पान घ्या, दुकानाचा रजेचा नियम लिहा, आपल्या माणसाला वाचून दाखवा आणि विचारा, “यात काय बदलू?” तो पहिल्यांदा गप्प बसेल. दुसऱ्यांदा विचारा. कदाचित इतके दिवस न सांगितलेलं काही तरी तो सांगेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. पावसाचे दिवस आहेत, माल उंचावर ठेवा आणि माणसं कोरडी ठेवा!